देश एकमेकांवर विश्वास का ठेवत नाहीत?

खानापुरात शेजाऱ्यानं बांधावरचा दगड हातभर सरकवला, तर आम्ही तलाठ्याकडे जातो, नाहीतर कोर्टात. आमच्या बेळगाव-खानापूरच्या सीमाप्रश्नावर महाराष्ट्रही २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला. निकाल अजून नाही, त्याचं दुःख आहेच. पण दाद मागायला जागा तरी आहे. देशांच्या डोक्यावर असं कुणी नसतं. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात वास्तववादी म्हणून एक गट आहे, त्यांचा सगळा भर यावरच आहे. मग एकानं बचावासाठी घेतलेलं शस्त्र दुसऱ्याला धमकी वाटतं: चीनची अणुचाचणी १९६४, आपली १९७४, मे १९९८ मध्ये पुन्हा आपली आणि लगोलग पाकिस्तानची. त्याच अभ्यासातला दुसरा गट, उदारमतवादी, म्हणतो, देशादेशांमधल्या व्यापारामुळे आणि सामाईक संस्थांमुळे ही भीती घटते. १९५१ मध्ये फ्रान्स-जर्मनीनं कोळसा-पोलाद सामाईक केलं, ते बघता मला हे पटतं.