सासरे म्हणतात ते लोक कधीच संपले, लेकीला काय सांगू?

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टहून एका ताईंनी विचारलंय. लेक पाचवीत, शाळेत ब्लॅक वॉरवर (इंग्रज आणि तिथले मूळ लोक यांच्यातली लढाई) प्रोजेक्ट आलाय, आणि आजोबांनी व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं की टास्मानियाचे मूळ लोक केव्हाच संपले, शेवटची बाई ट्रुगानिनी १८७६ ला गेली. पण लेकीच्या वर्गातली एक मैत्रीण स्वतःला पालावा, म्हणजे टास्मानियाच्या मूळ लोकांतली, म्हणवते, मग ती कोण?

ताई, आजोबांना दोष नका देऊ, कितीतरी वर्षं पुस्तकांतून हेच छापलं जायचं. पण खरं ते मैत्रिणीचंच.

लढाई लपवू नका. इंग्रजांनी मेंढ्यांसाठी जमिनी घेतल्या, शिकारीच्या जागा गेल्या, त्यातून ती पेटली. १८२८ ला गव्हर्नर आर्थरने मार्शल लॉ लावला आणि १८३० मध्ये सैनिक, कैदी, वसाहतवाले असे २२०० लोक रांग करून रान झोडपत निघाले, सात आठवडे, आणि हाती लागले फक्त दोन जण! (हे मुलांना फार आवडतं.) नंतर मात्र उरलेल्यांना कुठे गोडीगुलाबीने, कुठे जबरदस्तीने फ्लिंडर्स बेटावर नेलं, तिथे आजारपणात माणसं पटापट गेली आणि १८४७ ला परत आणली तेव्हा ४७ च उरली होती. ट्रुगानिनीचा सांगाडा म्युझियममध्ये मांडला होता, तिची राख समुद्रात सोडली ती थेट १९७६ ला. हे मी पाचवीतल्या पोरीला आत्ताच नसतं सांगितलं, तुम्ही ठरवा.

पण गोष्ट इथे थांबवलीत तर आजोबांचंच खरं होईल. टास्मानिया आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर सील मारणाऱ्यांनी मूळ लोकांतल्या ज्या बायकांना नेलं होतं, बऱ्याचदा पळवूनच, त्यांची पोरंबाळं तिथे वाढली, शिंपल्यांच्या माळा करणं आजतागायत चालू आहे. मूळ लोकांतल्याच फॅनी कॉक्रेन स्मिथ बाईंनी १८९९ आणि १९०३ ला आपल्या भाषेतली गाणी मेणाच्या नळकांड्यांवर रेकॉर्ड केली. आता पालावा कानी ही भाषा जुन्या नोंदींवरून पुन्हा उभी केलीये, तुमच्या खिडकीतून दिसणाऱ्या माउंट वेलिंग्टन डोंगराला २०१३ पासून जोडीने कुनान्यी हेही नाव सरकारी आहे. २०२१ च्या जनगणनेत टास्मानियात तीस हजारांवर लोकांनी आपण अबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर असल्याचं लिहिलंय.

एक मात्र सांभाळा, ती मैत्रीण घरी आली तर "अगं पण तू तर गोरी दिसतेस" हे आपल्यातल्या कुणीतरी बोलणारच, आधीच बजावून ठेवा. आणि तिलाच बसवून प्रोजेक्टची माहिती विचारू नका, ती खेळायला आलीये.

आजोबांचं म्हणाल तर तुम्ही मध्ये पडू नका. सुनेचं ऐकणार नाहीत, नातीने प्रोजेक्ट वाचून दाखवला की गुपचूप ऐकतील.