निर्दोष सुटून आलेल्या माणसाला घरच्यांनी कसं सांभाळावं? सरकारकडून भरपाई मिळते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की दीर चार वर्षं कच्चे कैदी म्हणून आत होते, निर्दोष सुटून दोन महिने झाले, पण कुणाशी बोलत नाहीत, रात्रभर जागे असतात, आणि पोलिसांनी मारलं का असं विचारलं की उठून जातात. त्यांना पूर्वीसारखं कसं करायचं आणि भरपाई मिळते का, हे तुमचे दोन प्रश्न. मीही दरोड्याच्या खोट्या गुन्ह्यात काही वर्षं आत काढून निर्दोष सुटलोय, म्हणून लिहितो.

पहिल्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ते पूर्वीसारखे होणार नाहीत. घरातला प्रत्येक जण त्याच आशेनं तोंडाकडे बघत असेल, तर ते बोलायचे आणखी बंद होतील. मला सुटल्यावर सगळ्यात जास्त छळलं ते "झालं गेलं विसर आता" या वाक्यानं. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन हेच सांगून जायचा.

जेलचं घड्याळ अंगात भिनतं. दिवस मावळायच्या आत टाळाबंदी, बराकीत रात्रभर दिवा, सकाळी गिनतीला जोडी-जोडीनं उकिडवं बसायचं. त्यामुळे अंधारात झोप लागत नाही आणि संध्याकाळ झाली की जीव कासावीस होतो. दिवा चालू राहू द्या. बिल येईल तेवढं येईल. हात लावून उठवू नका, लांबून हाक मारा. संध्याकाळी त्यांना काहीतरी आणायला बाहेर पाठवा, भाजी म्हणा, दूध म्हणा. फक्त आधी कुणीतरी फोनवरून पैसे कसे द्यायचे ते शिकवा. मी आत गेलो तेव्हा गावात सगळा व्यवहार रोखीत होता. बाहेर आलो तर वडापावच्या गाड्यावरही स्कॅन करायचा कोड चिकटवलेला, आणि खिशात नोट घेऊन मीच खुळ्यासारखा उभा.

आता मारहाणीचं. पीसीआरमध्ये, म्हणजे पोलीस कोठडीत, काय होतं ते तपशिलात सांगत नाही. तळपायावर पट्टा आणि हात मागे बांधून टांगणं, एवढं पुरे. बाहेरच्यांना एकच शंका असते, तेव्हाच का नाही सांगितलं? पीसीआर चालू असताना मेडिकलला नेतात. डॉक्टर कागदावरून मान वर न करता विचारतात, "काही तक्रार?" आणि हवालदार खांद्याला खांदा लावून उभा असतो. रिमांडला, म्हणजे कोठडी वाढवायची का हे ठरवायला कोर्टात नेतात तेव्हा, न्यायाधीशही विचारतात. पण कोठडी वाढली तर संध्याकाळी परत त्याच ठाण्यात, त्याच माणसांच्या हाती जायचं असतं. काय सांगणार?

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे खरं. पण "माल अमुक ठिकाणी लपवलाय" असं निवेदन लिहून घेतात, मग पंचांसमक्ष तिथं माल सापडतो, आणि त्या पंचनाम्याला कोर्टात वजन असतं. मार असह्य झाला की माणूस कशावरही सही करतो, कुणाचंही नाव घेतो. बराकीत मी बघितलेल्या कित्येकांना मारापेक्षा हेच जास्त जाळत होतं, की आपण कुणाचं तरी नाव घेतलं. तुमच्या दिरांचं काय ते मला माहीत नाही. पण ते उठून जातात त्यामागे असलं काही असू शकतं, म्हणून खोदून विचारू नका. घरच्यांना नाही सांगता आलं तरी अनोळखी माणसाला सांगता येतं. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. नंबर देऊन ठेवा, लावा म्हणून मागे लागू नका.

शरीराचं मात्र मागे लागा. मी मोटार रिवायंडिंगचं काम करतो. सुटल्यावर पहिली मोटार उघडली तर तांब्याच्या तारेचा जाड-बारीकपणा बोटांना कळेना. मनगटाच्या नसा दुखावलेल्या होत्या. डॉक्टरला मी "पडलो होतो" सांगत राहिलो तोवर गोळ्याच मिळाल्या, खरं सांगितल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली. काम मिळायला तर वेळच लागला. गाळा भाड्यानं देईना कोणी, मग लोकांच्या विहिरीवर जाऊन मोटारी खोलायचो. पोलिसांनी गावात माझी धिंड काढली तेव्हा जो माणूस टाळ्या वाजवत होता, त्याचाच पंप ऐन उन्हाळ्यात जळला. त्यानं बोलावलं, मी गेलो. मजुरी दुप्पट घेतली.

भरपाईबद्दल उगाच आशा लावत नाही. चुकीच्या खटल्यात आयुष्य गेलेल्यांना हक्कानं पैसे द्यावेत असा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं २०१८ साली २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली, पुढे कायदा काही झाला नाही. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय आपल्या अधिकारात देऊ शकतं, आणि १९८३ साली बिहारच्या रुदुल साह प्रकरणात दिलीही होती. निर्दोष ठरल्यावरही त्याला १४ वर्षं डांबून ठेवलं होतं.

आपल्याकडचं नाशिकचं प्रकरण बघा. २००३ साली एका वस्तीवर दरोडा पडला, पाच खून झाले, भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानंच सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं फोटोंमधून आधी वेगळीच माणसं ओळखली होती आणि त्यांच्यामागे कुणी गेलंच नव्हतं. भरपाई काय, तर आत गेलेल्या सोळा वर्षांचे प्रत्येकी ५ लाख रुपये. सहांपैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हे सगळं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं म्हणून झालं. तालुक्याच्या कोर्टात सुटलेल्याला विचारतो कोण?

तरी निकालपत्राची नक्कल काढून वकिलाकडून नीट वाचून घ्या. "संशयाचा फायदा" देऊन सोडलंय, की तपासावर ताशेरे ओढलेत? ताशेरे असतील तरच हायकोर्टात जाण्यात दम आहे. मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, तुमची मुदत उलटली. पण हे वाचणाऱ्या कुणाचं माणूस आत्ता कोठडीत असेल, तर त्यानं थांबू नये.

नकलेच्या दोन-तीन प्रती घ्या. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा दिसला तर लावायला, जप्त झालेला मोबाइल किंवा गाडी मुद्देमालातून सोडवायला ती लागते. रेशन कार्डाची ई-केवायसी आणि बंद पडलेलं बँक खातंही याच महिन्यात उरकून टाका. अजून एक, सोडताना कोर्टानं सहा महिन्यांचं बंधपत्र घेतलं असेल. सरकार अपिलात गेलं तर वरच्या कोर्टात हजर राहायची ती हमी असते. तशी नोटीस घेऊन पोलीस दारात आला तर दिरांना पुढे करू नका. तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी ती घ्यावी, वाचावी आणि तिथूनच वकिलाला फोन लावावा.