जर्मनीतलं रोजगार कार्यालय : नोकरी लावून देतात का?

कोल्हापूरहून ऑपॉर्च्युनिटी कार्डावर (नोकरी शोधायला येण्याचा परवाना) जर्मनीला यायचं ठरवतोयस आणि विचारतोयस, तिथल्या सरकारी रोजगार कार्यालयाची अपॉइंटमेंट घेतली की नोकरी लावून देतात का. कार्डासाठी गुण कसे मोजतात, ब्लॉक्ड अकाउंटात (निर्वाहाचे पैसे आधी भरून ठेवायचं खातं) किती युरो लागतात, हे सरकारी साइटवर नीट लिहिलंय. ते सोडून बोलतो.

नोकरी लावून देत नाहीत. आगेंटूर फ्यूर आर्बाइट, म्हणजे हेच रोजगार कार्यालय, तुझी नोंद करतं आणि त्या नोंदीवरून जागा सुचवतं. म्हणजे नोंद चुकली की सगळंच चुकलं.

कुठल्या शाखेत जायचं हे पत्त्यावरून ठरतं आणि पत्त्याच्या नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तात्पुरती खोली देणारे पुष्कळजण भाडं घेतात आणि सही मात्र देत नाहीत. या कागदाबद्दल मला अजूनही शांतपणे लिहिता येत नाही. पैसे भरण्याआधी ‘सही देणार का’ हे लेखी विचार.

अपॉइंटमेंटला पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड, पत्त्याचा दाखला, जर्मन पद्धतीचा सीव्ही, पदवी आणि तिचं भाषांतर ने. सोबत आनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन डेटाबेसची प्रिंट हवी, एक तुझ्या विद्यापीठाची आणि एक पदवीची. विद्यापीठासमोर ‘एच प्लस’, म्हणजे जर्मनीत मान्य असल्याची खूण, असायला हवी. बोलणं जर्मनमध्येच होईल असं धरून चाल. कार्डाला ए१, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीचं जर्मन, पुरतं, या टेबलावर ते तोकडं पडतं.

अधिकारी विचारतो, आधी काय काम केलंस, काय येतं, कुठवर जायची तयारी आहे. इथे आपली मुलं ‘कोणतंही काम चालेल’ म्हणतात. आपल्याकडे तो नम्रपणा ठरतो, इथे त्याची नोंद होते. प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी कोड असतो आणि शेवटचा आकडा पातळी सांगतो : १ म्हणजे मदतनीस, २ प्रशिक्षित कामगार, ३ आणि ४ पदवीच्या पातळीची कामं. इंजिनिअरच्या नावापुढे १ पडला की सुचवलेल्या जागा गोदामातल्या आणि पॅकिंगच्या येत राहतात. सुचवणाऱ्याचं त्यात काही चुकत नाही, त्याच्या पडद्यावर तेच दिसतं. म्हणून उठण्याआधी नोंदीची प्रिंट माग, व्यवसायाचं नाव आणि पातळी वाच, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घे. त्याला राग येत नाही. साहेबांना कसं टोकायचं, हा संकोच सुटायला मात्र वर्षं जातात, माझा पूर्ण सुटलाय असंही नाही.

भाषांतर, अर्जाचा खर्च, इंटरव्ह्यूचा प्रवास यांसाठी पैसे मिळू शकतात, पण तो हक्क नाही, अधिकाऱ्याने ठरवायचं असतं. आणि क्रम पक्का आहे : आधी अर्ज, मग खर्च. पावत्या घेऊन नंतर गेलास तर हात हलवत परत येशील. नोकरी शोधायच्या कोचिंगचं व्हाउचर असतं, तेही आपणहून मागावं लागतं.

बेकारभत्त्यावर नसलास तर बोलावणं चुकवल्याने पैसे कापले जात नाहीत, कारण कापायला काही नसतंच. पण ठोस कारण न देता सहकार्य टाळलंस तर ते जागा सुचवणं थांबवू शकतात आणि पुन्हा दार ठोठावायला १२ आठवडे थांबावं लागतं. यायला जमणार नसेल तर आधी कळव.

जॉबसेंटर हे वेगळं कार्यालय. तिथला निर्वाह भत्ता फक्त नोकरी शोधण्यासाठी आलेल्यांना मिळत नाही, त्यामुळे त्या रांगेत उभा राहू नकोस. बेकारभत्ता रोजगार कार्यालय देतं, पण त्यासाठी मागच्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारी विमा भरलेला लागतो.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जास्त. घरी फोनवर ‘अजून काही नाही’ हे पहिल्यापासून खरं सांगत जा, नंतर बदलणं जड जातं.

आता नोकरी लागल्यानंतरचं, कारण गाडं तिथेही अडतं. प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. काढल्याचं पत्र हातात पडल्यापासून ३ दिवसांत रोजगार कार्यालयात ‘नोकरी शोधतोय’ अशी नोंद कर, उशीर झाला तर हक्काच्या भत्त्यातलाही एक आठवडा जातो. राहण्याचा परवाना देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयाला मात्र दोन आठवड्यांत वेगळं कळवायचं. ही दोन कार्यालयं वेगळी आहेत, एकीकडे कळवलं म्हणून दुसरीकडचं काम होत नाही.