मरीन ड्राइव्हचा रात्रीचा फोटो: आधी काळोख होऊ देऊ नकोस

नवा कॅमेरा घेतलास, पहिला फोटो मरीन ड्राइव्हचाच काढायचाय, हे ऐकून फार बरं वाटलं. एकच सांगतो, रात्री नऊला जाऊ नकोस. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, तीच खरी वेळ. तेव्हा दिवेही लागलेले असतात आणि इमारतींच्या कडाही दिसतात. पुढे आकाश काळं पडलं की नुसते ठिपके उरतात.

ऑक्टोबरात सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, म्हणजे साडेपाचला गिरगाव चौपाटीच्या टोकाला जागा धर. तिथून ३.६ किलोमीटरची ती कमान थेट नरिमन पॉइंटपर्यंत वळत जाताना दिसते. पाऊस नुकताच ओसरून गेला असेल तर सोन्याहून पिवळं. हवा धुऊन निघालेली असते. जानेवारीत धुरक्यामुळे पलीकडचे मनोरे पुसट होतात.

ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, हवाच. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), शटर दहा सेकंदांच्या आसपास उघडं, आणि कॅमेरा हलू नये म्हणून बटण हाताने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लाव. मग बघ, लाटा विरघळून पाणी रेशमासारखं होतं आणि त्यात प्रत्येक दिव्याची लांब सोनेरी रेघ उतरते. वारा असेल तर ट्रायपॉडला पिशवी अडकव. किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर, म्हणजे टेट्रापॉडवर, मात्र उतरू नकोस, शेवाळ फार निसरडं असतं.

आणि पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढूच नकोस. कठड्यावर बस. एकेक खिडकी उजळताना बघ.