स्कायडायव्हिंगच्या ४० उड्या झाल्यात, गिअरसकट वजन १९० पौंड आहे. १९० चौरस फुटांचं कॅनोपी (पॅराशूटचं कापडी छत) सोडून १५० चं घेऊ का?

इतक्यात नको. गिअरसकट तुमचं वजन १९० पौंड आहे म्हणता, म्हणजे आत्ता विंग लोडिंग (कॅनोपीच्या दर चौरस फुटावर येणारे पौंड) बरोबर १.० आहे. १५० वर ते १.२७ च्या आसपास जाईल. शिवाय छोटं कॅनोपी तेवढ्याच लोडिंगलाही जास्त चपळ असतं, हे आकड्यात दिसत नाही.

स्कायडायव्हिंगमधले कितीतरी गंभीर अपघात पॅराशूट नीट उघडल्यावरच होतात. जमिनीजवळ कुणी आडवं आलं की हात आपोआप एक टॉगल (वळायला आणि ब्रेक लावायला ओढायची मूठ) जोरात ओढतो, कॅनोपी सूर मारतं आणि सावरायला उंची उरत नाही. यावर उपाय ब्रेकमधलं सपाट वळण: दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणायचे आणि ज्या बाजूला वळायचं त्याच्या विरुद्ध बाजूचा थोडा सोडायचा. ३,००० फुटांवर, आजूबाजूला कुणी नाही बघून, ते हातात बसेपर्यंत करा. कंटाळवाणं आहे, पण करा. खाली आल्यावर वाऱ्याची दिशा चुकलीय असं कळलं, तर आडव्या वाऱ्यात उतरा, पाय-गुडघे जुळवून लोळण घ्या, वळू नका.

अमेरिकेत यूएसपीएच्या (तिथली पॅराशूट संघटना) बी लायसन्सला ५० उड्यांसोबत कॅनोपी कोर्सही लागतो. आधी तो करा, मग १७० चा विचार.