गुरुत्वीय लहरी दृष्टिहीन मुलांनाही समजावता येतील का?

गुरुत्वीय लहरी म्हणजे प्रचंड वस्तुमानाच्या वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशातच उठणारे तरंग. आकृत्या आणि समीकरणे बाजूला ठेवून हा विषय कान आणि स्पर्श यांच्या आधारे समजावता येईल का, असे आपण विचारले आहे. शाळांमध्ये हा विषय सांगताना मला आलेल्या अनुभवावरून ‘हो’ असे खात्रीने सांगतो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या प्रकल्पाच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर प्रथमच टिपली. तिची वारंवारता सुमारे ०.२ सेकंदात ३५ हर्ट्झवरून २५० हर्ट्झपर्यंत, म्हणजे पांढरी एकच्या मध्य षड्जाच्या किंचित खालपर्यंत चढत गेली. जवळजवळ तीन सप्तकांची ही मींड मुळातच आपल्या श्रवणकक्षेत बसते. याउलट पर्सियस दीर्घिकासमूहातील तप्त वायूमधल्या ध्वनिलहरी २०२२ मध्ये ऐकवल्या गेल्या तेव्हा त्या ५७ आणि ५८ सप्तके वर चढवाव्या लागल्या होत्या. असा बदल केला असेल तर तो मुलांना आधीच सांगावा. लायगोची नोंद तर मुळात ध्वनीच नव्हे, ती अवकाशाच्या ताणाची नोंद आहे आणि आपण ती फक्त स्पीकरला जोडली आहे, हेही सांगायला विसरू नये.

मोबाइलवर ही नोंद ऐकवू नका, कारण त्याच्या लहानशा स्पीकरमधून सुरुवातीचे खर्जातले स्वर उमटतच नाहीत. मी मोठा स्पीकर आडवा ठेवतो, आवाज बेताचा ठेवतो आणि मुलांना त्याच्या पडद्यावर तळहात अलगद टेकवायला सांगतो. एक दृष्टिहीन मुलगी हात न उचलता म्हणाली, “आधी थरथर सुटी सुटी होती, मग दाट झाली आणि एकदम थांबली.” कृष्णविवरे एकमेकांभोवती अधिकाधिक वेगाने फिरत जाऊन अखेर एक होतात, हे त्यानंतर समजावणे फारच सोपे गेले.

गुरुत्वाकर्षण समजावताना ताणलेल्या कापडावर गोळा ठेवण्याचा जो प्रयोग करतात, तो मी लहरींसाठी वापरत नाही, कारण त्यात मुलांच्या मनात खड्डाच राहतो. त्याऐवजी शिवणकामाच्या इलॅस्टिकचे मोठे कडे करून ते चार मुलांच्या हाती चार दिशांना द्यावे. समोरासमोरच्या दोघांनी मागे सरकत ते ताणले की उरलेले दोघे आपोआप आत ओढले जातात, आणि मग उलट क्रमाने तेच करावे. लहर जाताना अवकाश असेच एका दिशेने ताणले जाते आणि तिच्या काटकोनात आकसते. म्हणून लायगोच्या दोन भुजा, म्हणजे ज्यांतून लेझर किरण सोडून लांबीतला बदल मोजतात त्या लांबलचक नळ्या, याही काटकोनात आहेत.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेच्या भुजाही प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. हे अंतर मुलांना त्यांच्या शाळेपासून ओळखीच्या एखाद्या ठिकाणापर्यंतच्या चालीत सांगावे, आणि २०१५ च्या लहरीने एवढ्या लांबीत घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता, हे त्यानंतर सांगावे.