३/८ ची लाइन टाकण्याआधी टाकीत डोकवा

फुल थ्रॉटल दिला की गाडी दोन-चार सेकंद झकास ओढते, मग एकदम बसते, पाय उचलला की पुन्हा ठीक. कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) मोठा केल्यापासूनच हे सुरू झालंय, म्हणून आता टाकीतून पेट्रोल आणणारी ५/१६ इंची लाइन काढून ३/८ इंची टाकू का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना माझीच गाडी डोळ्यांसमोर आली. तुमचा अंदाज मला पटतो. फ्लोट बाउलमधलं, म्हणजे कार्बच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल आहे तोवर इंजिन ओढतं. बाउल खाली गेला की मागून येणारं पुरत नाही.

लाइन कशी वाकवायची, बॅटरी आधी काढायची, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक गॅरेज. नाव लिहीत नाही. त्यांनी टाकीपासून पंपापर्यंत चकचकीत ३/८ ची लाइन टाकून दिली, पण टाकीच्या आतला पेट्रोल उचलणारा पिकअप पाइप मूळचाच ठेवला, ५/१६ चा. टाकीच्या तोंडाशी दोन्ही जोडायला पितळेचा काटकोनी एल्बो. गाडीत फरक शून्य. मग म्हणाले कार्बमधले जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) बदलू. मग फ्लोट लेव्हल, मग इग्निशन, मग अख्ख्या कार्बचं ओव्हरहॉल, आणि दरवेळी वेगळं बिल. ‘लाइन तर मोठी टाकलीय ना, पेट्रोलचा प्रश्नच येत नाही,’ हे ऐकून कान किटले. प्रेशर गेज लावून बघा म्हटलं, तर गेजच नाही. कार्बच्या गाड्यांची कामं घेणाऱ्यांकडे फ्युएल प्रेशर गेज नसावा?

शेवटी तो एल्बो मीच काढला. ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा घालून बघितलं. नव्या लाइनमध्ये साडेसात मिमीचा सरळ गेला. एल्बोत तो तोंडाशीच अडला, सहाचाही अडला, पाचाचा कसाबसा गेला. दोन बाजूंनी पाडलेली भोकं वळणावर नीट जुळलेली नव्हती, मध्ये पितळेची धार तशीच. म्हणजे एवढी मोठी लाइन टाकून पेट्रोल मिळत होतं त्या भोकातून येईल तेवढंच.

म्हणून आधी पिकअप. सेंडर युनिट (टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणारा भाग, पिकअप बहुधा त्यालाच असतो) बाहेर काढा, पाइप मोजा, खालची जाळी गाळाने भरलीय का बघा. ३/८ चा पिकअप असलेला सेंडर मिळत असेल तर तोच घ्या. लाइनचा आकार बाहेरून मोजतात हे विसरू नका. भिंतीची जाडी वजा केली की ५/१६ मध्ये आत साधारण साडेसहा मिमी उरतात आणि ३/८ मध्ये आठच्या आसपास, म्हणजे वाट जवळपास दीडपट. फायदा खरा आहे, पण तोंडापासून पंपापर्यंत सलग असेल तरच. काटकोनी एल्बो शक्यतो टाळा, पाइपलाच मोठं वळण द्या.

आता थोडं उलटं बोलतो. लाइन मोठी करायची गरज आहे का, हे आधी मोजा. ३०० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात ताशी ९० लिटरच्या आसपास पितं, म्हणजे मिनिटाला दीड लिटर. तुमचं त्याच्या बरंच खाली असेल तर लाइनवर खर्च करण्याआधी टाकीचं झाकण सैल करून एकदा जपून चालवून बघा. व्हेंट, म्हणजे टाकीत हवा शिरायची वाट, बुजला असेल तर टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. कार्बच्या तोंडाशी गेज लावून फुल थ्रॉटलला प्रेशर कोसळतं का तेही बघा. फक्त गेज काचेबाहेर बांधा, पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणू नका.

तांब्याच्या पाइपला माझा ठाम नकार. वाकवायला सोपा, पण गाडीच्या थरथरीने कडक होऊन चिरतो. निकेल-कॉपर हाताने वळतो आणि गंजत नाही. स्टेनलेस दिसायला छान, फ्लेअर करताना, म्हणजे जोडासाठी टोक पसरवताना, घाम काढतो. जिथे रबरी होज येतो तिथे पाइपच्या टोकाला फुगवटा हवाच, नुसत्या गुळगुळीत टोकावर क्लॅम्प आवळून भागत नाही. होजवर एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या होजचा दर्जा) छापलेलं बघून घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खाऊन टाकतं.

लाइन सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या. पंप इंजिनवर असेल तर टाकीपासून पंपापर्यंतचं पेट्रोल ओढून आणलं जातं, आणि ओढीत दाब कमी असल्याने ते गरम झालं की लवकर वाफाळतं. इलेक्ट्रिक पंप लावणार असाल तर टाकीजवळ आणि टाकीपेक्षा खाली बसवा. तो ढकलतो चांगला, ओढतो वाईट. सोबत इनर्शिया स्विच (धक्का बसताच पंप बंद करणारा) हवाच, नाहीतर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओततच राहतो. आणि कार्बला किती दाब चालतो ते बघूनच पंप घ्या. एसयू कार्ब (जुन्या ब्रिटिश गाड्यांतला, कमी दाबावर चालणारा) असेल तर सहा-सात पीएसआय दाब म्हणजे कार्बात पेट्रोलचा पूर येणार.

मी मेकॅनिक नाही, गाडी न बघता लिहितोय, तेव्हा डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पण एक मात्र ऐकाच: टाकीवर वेल्डिंग करायची वेळ आली तर ‘टाकी रिकामी आहे’ म्हणणाऱ्या माणसाकडे ती देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

पिकअपचं माप घेतलंत की इथे टाका. तोवर जेटना हात लावू नका, आणि कोणी लावतो म्हणालं तर त्यालाही लावू देऊ नका.